कॅसिनो-नगरीतील रात्रीचा बुफे : निवड कशी करावी?

मुलगा अथवा मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीस, आई-वडील काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलेले, आणि ग्रँड कॅनियन पाहावयास जाताना वाटेत दोन रात्री लास व्हेगास, हा प्रवासक्रम आता केवळ पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. सांगली, नाशिक, अकोला येथील मध्यमवर्गीय कुटुंबांतही तो सरावाचा झाला आहे. पर्यटनसंस्थांच्या अमेरिका सहलींतही व्हेगासचा मुक्काम बहुधा असतोच. निघण्यापूर्वी ही मंडळी आपल्या चिकित्सालयात येतात, औषधे महिनाभर पुरतील अशी मागतात, आणि उठता उठता विचारतात, “वैद्यराज, तिथे ते पाचशे पदार्थांचे बुफे असतात म्हणे. काय खाल्लेले चालेल?”

या प्रश्नास “बाहेरचे काही खाऊ नका” हे उत्तर देणे सोपे आहे, परंतु ते निरुपयोगी आहे. साठी-सत्तरीचा रुग्ण कुटुंबासह तेथे जाणार, जेवणार, आणि आपण काही सांगितले नाही तर स्वतःच्या मनाने जेवणार. म्हणून निषेध करण्यापेक्षा निवड शिकवावी, असे आमचे मत आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केली. ती बुफेस लावून पाहिली तर जाहिरातीतील पदार्थांची संख्या हा निवडीचा निकष अगदी शेवटचा ठरतो. वेळ, उष्णता आणि वाढण्याची पद्धत ही तीन गमके त्याच्या आधी येतात.

प्रथम हे भोजन मुळात कशासाठी निर्माण झाले ते पाहू. लास व्हेगासच्या ज्या हमरस्त्यास पुढे ‘स्ट्रिप’ हे नाव पडले, त्यावरील पहिले विश्रामस्थान ‘एल रँचो व्हेगास’ हे ३ एप्रिल १९४१ रोजी उघडले. त्याच दशकात तेथे एका डॉलरमध्ये पोटभर जेवण देणारा बुफे सुरू झाला. हेतू उघड होता. रात्री उशिरा भूक लागलेल्या गिऱ्हाइकाने जुगाराचे टेबल सोडून अन्यत्र जाऊ नये. भोजनात तोटा सोसावा आणि तो टेबलावर भरून काढावा, असा हा व्यवहार अनेक दशके चालला. म्हणजे या भोजनाची वेळ व मात्रा जेवणाऱ्याच्या अग्नीवर कधीच ठरविलेली नव्हती.

पुढे चित्र पालटले. २०१२ साली सीझर्स पॅलेसमध्ये ‘बॅकनाल’ हा बुफे सुमारे पावणेदोन कोटी डॉलर खर्चून उभारण्यात आला आणि स्वस्त बुफेऐवजी वैभवी बुफेची चढाओढ सुरू झाली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे नेवाडा राज्यातील सर्व कॅसिनो बंद झाले. ४ जूनला ते उघडले, परंतु पुष्कळसे बुफे उघडले नाहीत. स्टेशन कॅसिनोज या समूहाने तर आपले बुफे कायमचे मिटविले. उरलेल्यांपैकी काही आता केवळ सकाळ-दुपारचे भोजन देतात. परिणामी, दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याने दिलेली यादी आज कामाची नाही. रात्रीचे जेवण कोठे मिळते, कोणत्या वारी मिळते, याची चौकशी मुक्कामाच्या आठवड्यातच करावयास हवी. मोठ्या बुफेचे रात्रीचे शुल्क आज माणशी ७०-८० डॉलरच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. त्यावर कर वेगळा आणि पेय आणून देणाऱ्या सेवकास बक्षिसी वेगळी. या आकड्याकडे आपण पुन्हा येऊ, कारण अजीर्णाचे एक मोठे कारण तेथेच दडले आहे.

काल

कॅसिनोच्या दालनांत घड्याळ व खिडकी सहसा नसते. दिवस-रात्रीचे भान राहू नये अशीच ती रचना असते. त्यात आपल्या रुग्णाचे देहगत घड्याळ अजून महाराष्ट्रातच असते. उन्हाळ्यात व्हेगास भारताच्या साडेबारा तास मागे आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. तेथील सायंकाळचे सात म्हणजे येथील दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात किंवा साडेआठ. नवागत प्रवाशास दुपारी अन्नाची वासनाच होत नाही आणि सायंकाळी कडकडून भूक लागते, ती यामुळे. ती देहाची न्याहारीची वेळ असते. पण त्यापूर्वीची झोप झालेली नसते, आणि जेवल्यावर तासा-दोन तासांत अंथरुणावर पडावयाचे असते. अशा भुकेवर विसंबून भरपेट जेवलेला मनुष्य मध्यरात्री छातीतील जळजळीने उठतो. अमेरिकेत उतरल्यापासून निदान तीन दिवस बुफे नकोच, उष्ण व लघु अन्न घ्यावे, असे स्पष्ट सांगावे. मुलांकडे महिनाभर राहून मग व्हेगासला जाणाऱ्यांस ही अडचण नसते.

त्यानंतरचा प्रश्न कोणत्या वाजता जावे हा. रात्रीचे भोजन पहिल्या प्रहरात आणि किंचित न्यून असावे, हा भावप्रकाशातील निर्देश येथे अक्षरशः पाळता येतो, कारण बहुतेक ठिकाणी रात्रीचे पदार्थ अंधार पडण्यापूर्वीच मांडले जातात. ते मांडले जातात त्या पहिल्या तासात जाणे सर्वांत हितकर. अन्न ताजे असते, पात्रे भरलेली असतात, रांग छोटी असते, आणि जेवल्यावर चालावयास संध्याकाळ शिल्लक राहते. नाट्यप्रयोग किंवा कारंजी पाहून रात्री दहाला जेवणे हा व्हेगासचा रिवाज खरा, पण तो तरुणांसाठी सोडावा. ज्या बुफेत सहापूर्वी जागा मिळते तो, रात्री नऊची जागा देणाऱ्या अधिक नामांकित बुफेहून श्रेष्ठ मानावा.

अध्यशनाचाही येथेच विचार व्हावा. काही वर्षांपूर्वीपर्यंत एका कॅसिनोसमूहाचा असा पास मिळत असे, की चोवीस तासांत त्यांच्या अनेक बुफेंत कितीही वेळा जेवावे. अध्यशनाचे इतके शुद्ध उदाहरण आम्हास तरी अन्यत्र आढळलेले नाही. तो पास आता नाही, पण दुपारी उशिरा भरपेट न्याहारी-भोजन आणि त्याच संध्याकाळी बुफे हा क्रम आजही सर्रास दिसतो. बुफेच्या दिवशी दुपारी पेज, सूप किंवा फळ एवढेच घ्यावे. मात्र मुद्दाम उपाशी राहून जाऊ नये. दिवसभर लंघन आणि रात्री अतिमात्रा हे विषमाशनच होय.

राशी

आठ आयतनांपैकी बुफेची खरी परीक्षा होते ती राशीच्या ठिकाणी. चरकाचार्यांनी राशीचे दोन भेद केले आहेत, सर्वग्रह आणि परिग्रह. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह, आणि त्यातील एकेका द्रव्याचे स्वतंत्र प्रमाण तो परिग्रह. घरच्या ताटात हा भेद फारसा जाणवत नाही. दोन पोळ्या, एक भाजी, आमटी, भात यांचा परिग्रह सांभाळला की सर्वग्रह आपोआप सांभाळला जातो. बुफेत नेमके उलटे घडते. “मी प्रत्येक पदार्थ चमचाभरच घेतला” असे रुग्ण शपथेवर सांगतो, आणि ते खरेही असते. परंतु तीस पदार्थ प्रत्येकी तीस ग्रॅम घेतले तरी नऊशे ग्रॅम होतात. पेय आणि मिष्टान्न वेगळे. घरच्या रात्रीच्या जेवणाच्या सुमारे दुप्पट अन्न पोटात जाते आणि कोणताही एक पदार्थ जास्त झाल्याचे जाणवत नाही. परिग्रह निर्दोष, सर्वग्रह भ्रष्ट, अशी ही स्थिती होय. रुग्णास हे दोन शब्द सांगितले नाहीत तरी चालेल. ‘पदार्थ मोजा, चमचे नव्हे’ एवढे सांगितले तरी पुरे. आमच्या मते सात-आठ पदार्थ ही वृद्ध रुग्णाची मर्यादा असावी.

आधुनिक संशोधनही येथे आपल्याशी सहमत आहे. जेवणातील वैविध्य वाढले की एकूण सेवनही वाढते, कारण एका रसाची तृप्ती झाली तरी दुसऱ्या रसाची इच्छा शाबूत राहते, हे बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ पासूनच्या प्रयोगांतून दाखविले आहे. जेवण आटोपल्यावरही मिष्टान्नाच्या दालनाकडे पाय वळतात, ते या कारणाने.

आता त्या ऐंशी डॉलरकडे वळू. प्रवासी मनातल्या मनात त्याचे रुपये करतो. सुमारे सात हजार! पती-पत्नीचे चौदा हजार! मग ते ‘वसूल’ करण्याचा विचार सुरू होतो, आणि जन्मात न खाल्लेले खेकड्याचे पाय, कोळंबी आणि प्राइम रिब यांच्या राशी ताटात येतात, कारण तेच सर्वांत महाग. हा प्रज्ञापराधच आहे, मग तो कितीही हिशेबी असो. ज्याचा आहार मुळातच अल्प आहे, त्यास बुफे कधीही परवडत नाही, ना पैशाने ना प्रकृतीने. ग्रहणीचे रुग्ण, आमाशयाची शस्त्रक्रिया झालेले, पित्ताशयात खडे असलेले आणि हृद्रोगी यांनी बुफे निवडूच नये. बहुतेक कॅसिनोंत आता अनेक छोट्या उपाहारगृहांची एकत्र दालने असतात. तेथे एक वाडगा सूप-भात किंवा नूडल्स वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळते आणि कुटुंबासह बसताही येते. ‘चांगला बुफे कोणता’ या प्रश्नाचे उत्तर काही रुग्णांच्या बाबतीत ‘कोणताही नाही’ असे असते, आणि ते निघण्यापूर्वीच दिलेले बरे.

इतरांसाठी वाढण्याची पद्धत पाहावी. काही बुफेंत पदार्थ मोठ्या पात्रांतून स्वतः ओढून घ्यावयाचे असतात, तर काही ठिकाणी ते छोट्या वाट्या-कढयांतून एकेका माणसापुरते मांडलेले असतात. कॉस्मोपॉलिटनमधील ‘विकेड स्पून’ने ही दुसरी पद्धत लोकप्रिय केली. आपल्या दृष्टीने ती निःसंशय श्रेयस्कर होय. मात्रा दुसऱ्याने ठरविलेली असते, एकाच डावास शेकडो हात लागत नाहीत, आणि पाच वाट्या समोर रिकाम्या दिसल्या की सर्वग्रहाचा हिशेब डोळ्यांनाच होतो. कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास आणि एक वातपित्तकफांस ठेवावा हे त्रिविधकुक्षीय अध्यायातील वचन या वाट्यांच्या साहाय्याने पाळणे सोपे जाते.

ताट हाती घेण्यापूर्वी

बुफेत शिरल्याबरोबर ताट उचलणे ही सर्वांत मोठी चूक. प्रथम रिकाम्या हातांनी एक पूर्ण फेरी मारावी. या फेरीत काय पाहावे ते आपण रुग्णास समजावून द्यावे.

अन्नातून वाफ येते आहे काय? उष्ण अन्न रुचकर लागते, अग्नी प्रदीप्त करते, लवकर जरते आणि वाताचे अनुलोमन करते, हे उपयोगसंस्थेतील पहिलेच विधान. अमेरिकेचे अन्नसुरक्षेचे नियमही वेगळ्या कारणाने तेच सांगतात. उष्ण पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि शीत पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत, कारण या दोहोंच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. आपल्या रुग्णाजवळ तापमापक नसतो, पण डोळे असतात. वरचा थर सुकून त्यास साय धरली असेल, रस्सा कडेला घट्ट झाला असेल, बर्फ वितळून कोळंबी पाण्यात तरंगत असेल, तर तो पदार्थ सोडावा. उथळ व छोटी पात्रे वारंवार बदलली जात असतील तर तो बुफे उत्तम. खोल पात्रात डोंगर रचलेला असेल तर वैभव दिसते, पण तळाचे अन्न केव्हाचे हे सांगता येत नाही. या एका कारणास्तव आम्ही ओस पडलेल्या स्वस्त बुफेपेक्षा गर्दीच्या बुफेस पसंती देऊ. तेथे अन्न पडून राहत नाही.

समोर शिजवून देणारे किती आचारी आहेत ते मोजावे. गरम तव्यावरून उतरणारे ऑम्लेट, त्याच क्षणी परतलेल्या भाज्या, उकळत्या पाण्यातून काढून दिलेल्या नूडल्स यांत करण अर्थात संस्कार डोळ्यांदेखत होतो, आणि “तेल कमी, मीठ नको” असे सांगताही येते. खेकडे बर्फावर थंड मांडलेले असतात, तेही मागितल्यास अनेक ठिकाणी वाफवून देतात.

पदार्थांवर काचेचा आडपडदा आहे ना, तेही पाहावे. हा पडदा १९५९ साली जॉनी गार्नो या अमेरिकी उपाहारगृहचालकाने एकस्वाधिकार घेऊन आणला. त्याआधी लोकांच्या शिंका थेट कोशिंबिरीत जात असणार! दुसऱ्यांदा वाढून घेताना नवे ताट घ्यावे हा तेथील नियमच आहे. आपल्याकडील पंगतीच्या संस्कारामुळे ‘उष्टे ताट का टाकायचे’ म्हणून काही मंडळी तेच घेऊन जातात. त्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रवेशद्वाराजवळ आरोग्य खात्याचे अक्षरपत्रक लावलेले असते. दक्षिण नेवाडा आरोग्य जिल्ह्याचे निरीक्षक दोषगुण देतात. ० ते १० दोषगुणांस ‘ए’, ११ ते २० ला ‘बी’, २१ ते ४० ला ‘सी’, आणि त्यापुढे स्वयंपाकघर बंद. ‘ए’ नसेल तेथे वृद्धांस नेऊ नये.

संयोग आणि सात्म्य

विरुद्धाहाराचा विषय निघाला की आपण एक तर सर्व काही निषिद्ध ठरवितो किंवा ‘आता कोण पाळतो’ म्हणून सोडून देतो. बुफेबाबत दोन्ही टोके टाळावीत. मत्स्य आणि दुग्ध यांचा संयोग तेथे पावलोपावली आहे. शिंपल्यांचे दाट सायीतील सूप, मलईतील कोळंबी, चीज घातलेला मासा. आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात या संयोगावर चर्चा आहे. चिलिचिम मत्स्य वगळता इतर मासे दुधासह चालतील असे भद्रकाप्य म्हणतात, आणि आत्रेय ते अमान्य करून सर्वच मत्स्यांचा दुधाशी संयोग वर्ज्य ठरवितात. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे, की दीप्ताग्नी, तरुण, स्निग्ध, व्यायामाने बलवान अशा व्यक्तीस, किंवा सात्म्य झालेले व अल्प प्रमाणातील विरुद्ध अन्न बाधत नाही. आता आपला प्रवासी पाहा. तरुण नाही, व्यायामशील नाही, त्या पदार्थाचे सात्म्य नाही, आणि प्रमाणही अल्प नाही. अपवादाची एकही अट तो पूर्ण करीत नाही. त्वचाविकार, शीतपित्त, श्वास यांच्या रुग्णांस हा संयोग निक्षून वर्ज्य सांगावा.

कोळंबी, खेकडे, शेंगदाणे, तीळ यांची ज्यांना असात्म्यता आहे, त्यांची गोष्ट निराळी आणि गंभीर आहे. तिळाची गणना अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून प्रमुख असात्म्यकारक द्रव्यांत झाली, पण ती सक्ती वेष्टित पदार्थांच्या लेबलाची आहे. बुफेच्या पात्रापुढील पाटीवर सर्व काही लिहिलेले असेलच असे नाही, आणि शेजारच्या पात्रातील डाव या पात्रात येतोच. अशा रुग्णाने मुख्य आचाऱ्यास बोलावून विचारावे. तेथे हे वावगे समजत नाहीत. अनेकदा आचारी स्वतः सोबत फिरून पदार्थ दाखवितो.

शाकाहारी रुग्णांसाठी थोडे अधिक लिहावे लागते, कारण फसगत येथेच होते. भाज्यांचे सूप कोंबडीच्या अर्कात शिजविलेले असू शकते. भातही. मेक्सिकन घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे. सीझर सॅलडच्या रसात आणि वुस्टरशर सॉसमध्ये छोटे मासे असतात. जेली, मार्शमॅलो आणि पन्ना कोटा यांत जिलेटिन, तर अस्सल पार्मेसान चीजमध्ये वासराच्या आमाशयातील रेनेट. बटाट्याच्या सळया ज्या तेलात तळतात त्यातच मासेही तळतात. जे मांसाहारी आहेत पण गोमांस घेत नाहीत, त्यांनी प्राइम रिब, मांसाचे गोळे आणि तपकिरी ग्रेव्ही यांपासून दूर राहावे. ज्या बुफेत पाट्या स्पष्ट आहेत, शाकाहारासाठी स्वतंत्र खूण आहे, आणि भारतीय किंवा आशियाई दालनात भात, वरणासारखी डाळ व परतलेल्या भाज्या आहेत, तो कमी पदार्थांचा असला तरी निवडावा. दही-ताकाची सवय असलेल्यांनी रात्री दही घेऊ नये हे तर आपण येथेही सांगतोच. तेथील दह्याधारित गार रसांनाही तोच न्याय लागू आहे.

देशाचाही थोडक्यात विचार. व्हेगास वाळवंटात आहे. वर्षाचा पाऊस सुमारे चार इंच, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे, आणि आत वातानुकूलनाची बोचरी थंडी. जांगल देशात रूक्षता वाढते. तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. जुगार खेळणाऱ्यांस तेथे मद्य फुकट मिळते. त्याने तहान भागते असे वाटते, पण रूक्षता वाढते.

पणजीचे निराळे गणित

आपल्या जवळचे कॅसिनो म्हणजे गोव्याचे. १९९६ च्या कायदादुरुस्तीने जहाजांवर अशा खेळांस वाव मिळाला, आणि आज मांडवीच्या पात्रात उभ्या जहाजांवर महाराष्ट्रातील पर्यटक मोठ्या संख्येने जातात. तेथे बुफे निवडण्याचा प्रश्नच नसतो. प्रवेशशुल्कात भोजन व पेय अंतर्भूत असते, आणि छोट्या होडीतून एकदा जहाजावर गेले की तेच एक भोजनगृह. निवड उरते ती फक्त वेळेची. जहाजावर पोहोचताच प्रथम जेवावे, मग खेळ पाहावा. पावसाळ्यात तर आनूप देश, वर्षाऋतूतील अग्निमांद्य आणि जागरण अशी त्रयी जमते. अशा वेळी भात, सोलकढीऐवजी गरम सार, आणि एखादीच भाजी यावर भागवावे. चिंता, क्रोध व जागरण असता पथ्य अन्न योग्य मात्रेत घेतले तरी ते जरत नाही, असे त्रिविधकुक्षीयात सांगितले आहे. पैसे हरून आलेल्या मनुष्याने ताबडतोब जेवावयास बसू नये, हे व्हेगासलाही तितकेच लागू आहे.

मधुमेही, औषधविक्रेते आणि एक धोक्याची सूचना

मधुमेहाच्या रुग्णांस मिष्टान्नाविषयी सर्वच सांगतात. रांगेविषयी कोणी सांगत नाही. सुटीच्या दिवशी बुफेच्या दारी तासभर उभे राहावे लागते. जेवणापूर्वीचे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी खोलीवरून घेऊन निघालेला रुग्ण रांगेतच घामाघूम होतो, थरथरतो, क्वचित कोसळतो. सोबत आपले मामेजवा किंवा गुडमार चालू असेल तर त्याचीही भर पडू शकते. जेवणाशी जोडलेले औषध टेबलावर बसून अन्न समोर आल्यावरच घ्यावे, खिशात साखरेची पुडी असावी, आणि मद्य त्या दिवशी नकोच. मात्रेतील फेरबदल त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा, परंतु रांगेची ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालण्याचे काम आपण करू शकतो. ज्या बुफेत वेळ आरक्षित करता येते तोच मधुमेह्याने निवडावा.

औषधी दुकानदारांकडे प्रवासापूर्वी हिंग्वाष्टक, अविपत्तिकर, लवणभास्कर आणि शंखवटी यांची मागणी वाढते. ही औषधे देताना दोन गोष्टी पाहाव्यात. लवणभास्कराच्या नावातच लवण आहे. समुद्रलवण, सौवर्चल, विड, सैंधव ही चार लवणे त्यात आहेत. रक्तदाबाच्या रुग्णाने खारट बुफेवर ते चूर्ण घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे. त्यास सुंठ-ओवा किंवा केवळ गरम पाणी सुचवावे. दुसरे असे, की कागदी पुड्या देऊ नयेत. २००४ साली बॉस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून तेथील यंत्रणा आपल्या औषधांकडे सावधपणे पाहतात. रसौषधी प्रवासात देणे टाळावे. काष्ठौषधी मूळ सीलबंद बाटलीत, घटकांच्या लेबलासह आणि वैद्याच्या पत्रासह द्यावी. २०१८ पासून अमेरिकेस जाणाऱ्या विमानात हातातील सामानात ३५० मिलिलिटरहून अधिक चूर्ण असल्यास त्याची वेगळी तपासणी होते. मोठी बरणी मोठ्या सामानात ठेवावयास सांगावे.

आणि या चूर्णांच्याच संदर्भात शेवटची, सर्वांत महत्त्वाची सूचना. जड जेवणानंतर छातीत भार, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, श्वास लागणे ही लक्षणे दिसली तर आपला रुग्ण सवयीने ‘गॅस झाला’ म्हणतो आणि आपण दिलेली शंखवटी चघळत खोलीवर जाऊन पडतो. जड भोजन, मद्य, जागरण आणि उत्तेजना यांचा हृदयावर एकाच वेळी भार पडतो. त्या खोलीत त्यास पाहणारे कोणी नसते. वास्तविक तो ज्या दालनातून उठून गेला, तेथेच त्यास वाचविण्याची साधने आहेत. कॅसिनोतील सुरक्षारक्षकांस हृदयास विजेचा धक्का देणारे यंत्र वापरण्याचे शिक्षण दिले गेले, आणि त्याचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००० साली प्रसिद्ध झाला. हृदयाचे स्पंदन विस्कळीत होऊन कोसळलेल्या १०५ जणांपैकी ५३ टक्के जगून घरी गेले. ज्यांना तीन मिनिटांच्या आत धक्का मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होते. पाचक चूर्णाची बाटली हाती देताना म्हणूनच तोंडी सांगावे, आणि लेबलावर मराठीत लिहूनही द्यावे, की छातीत भार व घाम असेल तर हे औषध घेऊ नये, खोलीवर जाऊ नये, जवळच्या गणवेशधारी रक्षकास छातीवर हात ठेवून दाखवावे आणि ९११ क्रमांकास दूरध्वनी करावयास सांगावे.